चौथ्या मजल्यावरचं लफडं

लिफ्टमन मेला तो आपल्या घरी, आपल्या पलंगावर, काविळीने, आणि शेवटपर्यंत उशी टोचते म्हणून कुरकुरत. हे त्याच्या बायकोने डोळ्यांनी पाहिलं होतं. उशी तिनेच तर बदलली होती. ती पडदे शिवायची. असेच पडदे पोचवायला ती त्याच्या जुन्या इमारतीत गेली, तर लिफ्टमधल्या एका ठसठशीत बाईने तिला ऐकवलं, की इथला लिफ्टमन चौथ्यावरच्या नाच शिकवणाऱ्या बाईपायी झुरून झुरून लिफ्टच्या खड्ड्यात पडला, म्हणून लिफ्ट अजून आपोआप चौथ्यावर थांबते.

"कोण म्हणतं?"

"माझ्या जावेच्या मैत्रिणीने स्वतः ऐकलंय त्याचं रडणं."

"अहो, मी बायको त्याची! आणि चौथ्यावर दातांचा डॉक्टर बसतो. मिशीवाला!"

बाईने तिच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "बायकोला सगळ्यात शेवटी कळतं हो."

घरी येऊन तिने नणंदेपुढे थयथयाट केला. नणंद हसून लोटपोट. "आमच्या दादाचं लफडं? वहिनी, ज्याला जन्मात मोज्यांची जोडी धड जुळवता आली नाही त्याचं? करू दे की मेल्यावर तरी मजा!"

"मजा गेली खड्ड्यात! संसार मी केला, उशापायथ्याशी मी बसले, आणि गोष्टीत मी कुठेच नाही? नाचाची बाई आहे, कुणाच्या तरी जावेची मैत्रीणसुद्धा आहे!" बोलता बोलता तिला रडू फुटलं. झोंबलं होतं ते हेच.

मग तिने कंबर कसली. पडदे घेऊन ज्या घरी जाई तिथे सांगू लागली, की लफडंबिफडं सगळं झूट, तो बायकोची वाट बघत थांबतो, फार जीव होता त्याचा बायकोवर. लोक ऐकायचे, मान डोलवायचे आणि पडद्यांचा रंग उतरणार नाही ना, असं विचारायचे.

काही दिवसांनी त्याच लिफ्टमध्ये एका कॉलेजच्या मुलीने तिचा हात धरला. "मावशी, चौथ्याचं बटण नका दाबू. इथल्या लिफ्टमनला बायकोने चहातून विष घातलं. तो तिचीच वाट बघतोय. सूड घ्यायला!"

चिडावं की हसावं, लिफ्टमनच्या बायकोला कळेना. पण एकदाची आली होती बाई गोष्टीत, आणि तीही अशी झोकात.

"तुम्ही ओळखायचात का तिला?" मुलीने विचारलं.

"ओळखायचे ना. महाखाष्ट बाई." तिने पडद्यांचं गाठोडं दुसऱ्या हातात घेतलं. "पण अजून रोज संध्याकाळी दोन कप चहा टाकते. सवयीने. मग आठवतं तिला, आणि दोन्ही कप स्वतःच पिते."

मुलीचे डोळे विस्फारले. "बापरे! विषाचा पण?"

"तो आधी," ती म्हणाली.