पहिली भाकर

"अवो ताई, हे तसंच हाय नं जी. गुलाबजामाले तर चमचाबी नाही लागला!"

सदाशिवरावांनी असं म्हणताच त्या बाईंनी त्यांच्याकडे नवलानं पाहिलं, प्लेट टबात उलटी केली आणि त्या आइस्क्रीमच्या काउंटरकडे निघून गेल्या. उष्ट्या प्लेटा घेणाऱ्यानं बोलायचं नसतं. लॉनचा मॅनेजर अक्षय हे त्यांना तीनदा सांगून चुकला होता.

लोहारा गावाच्या पुढच्या या लॉनवर सदाशिवराव लग्नसराईत टबापाशी उभे राहत. एकेकाळी गावातली पंगत त्यांच्याशिवाय वाढली जात नसे. कोणाला दोन बट्ट्या लागतात, कोण लाजून नाही म्हणतो, हे त्यांना बसलेल्याच्या तोंडावरून कळायचं. पंगत उठली की पत्रावळीवर वांग्याची देठं तेवढी दिसायची. आता त्याच हातांनी ते अख्ख्या पुऱ्या टबात लोटत होते. माणसाला पोट एक आणि काउंटर सव्वीस! पास्ता चाखायचा, डोशाचा तुकडा मोडायचा आणि हातातली प्लेट भरलेली असतानाच दुसरी उचलायची. ही माणसं लग्नाला आलीत की अन्नाशी वैर काढायला, असं त्यांना वाटायचं आणि रागानं कान तापायचे.

दुपारी चारला लॉन रिकामं झालं. शेवटचा फोटो निघेपर्यंत एकही भांडं रिकामं दिसता कामा नये, अशी मुलीच्या बापाची अटच होती. त्यामुळे भाताची दोन पातेली जशीच्या तशी उरली होती. पुऱ्या आणि गुलाबजाम वेगळेच.

"अक्षयभाऊ, देऊन टाका नं कोणाले. बाजूले वस्ती हाय."

"नाही काकाजी. कोणाले बाधलं त नाव आपलं खराब होते. मागं खड्डा केला हाय, जेसीबीवाला लोटून देईन."

"मंग माह्या गाईले नेऊ काय?"

"न्या ना. गाय थोडी कम्प्लेंट करते!" अक्षय हसला.

सदाशिवरावही हसले. त्यांची पवळी आठ महिन्यांची गाभण होती आणि उन्हाळ्यात घरातला सुका चारा, कुटार, तळाला गेला होता. तशी पवळीची घरात बडदास्त मोठी. त्यांच्या बायको शकुबाई तव्यावरची पहिली भाकर तिच्यासाठी काढायच्या, मग घरात पाहुणा का बसलेला असेना. चाळीस वर्षांत गोठ्यातल्या गाई बदलल्या, पण ही रीत बदलली नव्हती.

दिवस मावळायच्या आत सदाशिवराव पोतं भरून घरी आले. अंगणात बसून त्यांनी सगळं अन्न घमेल्यात पसरलं आणि दाणा दाणा चाचपला. टूथपिक काढल्या, कागदाचे बोळे काढले, प्लास्टिकचे मोडके चमचे काढले. पुऱ्यांचे तुकडे केले, गुलाबजाम कुस्करले.

"एकदम इतकं देता काय जी?" शकुबाई म्हणाल्या.

"शिजेल अन्न हाय. ज्वारीच्या राशीवर ढोर सुटलं त फुगते, भातानं काय होते? दोन जिवाची हाय ते. खाऊ दे पोटभर."

पवळीनं दोन घमेली चाटूनपुसून खाल्ली आणि नंतर सदाशिवरावांची बाहीही चाटली. त्या दिवसात पहिल्यांदाच त्यांच्या जिवाला बरं वाटलं. इतक्या अन्नातलं थोडं तरी आपण मातीपासून वाचवलं, असं त्यांना वाटलं.

सकाळी पवळी रवंथ करत नव्हती. डावी कूस फुगली होती, ती दात खात होती आणि शेणाला आंबूस वास येत होता. उठायला गेली ती पुढच्या गुडघ्यांवर पडली. शकुबाईंनी फोन केला तशा जनावरांच्या डॉक्टर गुंजन मॅडम स्कूटीवरून आल्या. त्यांनी नळी घालून सोड्याचं पाणी पाजलं, सलाईन लावलं.

"काल काय खाल्लं हिनं?"

"लग्नातलं अन्न, मॅडम. पण प्लास्टिकचा एक तुकडा जाऊ देल्ला नाही म्या. हे पाहा." सदाशिवरावांनी वेचलेल्या कचऱ्याची पिशवी पुढे केली.

मॅडमनी पिशवीकडे पाहिलं. "काकाजी, प्लास्टिकनं नाही, भातानंच झालं. गाईचं पोट चाऱ्याचं असतं. एवढा भात, मैदा, साखर एकदम गेली की आत आंबतं आणि त्याचं विष अंगात भिनतं."

"अन्नच होतं नं ते, मॅडम? इख त नोतं."

शकुबाईंनी हळूच विचारलं, "वासरू?" तेव्हा मॅडमनी नकारार्थी मान हलवली.

ऊन डोक्यावर यायच्या आत पवळी गेली. सदाशिवराव तिच्या पोटावर हात ठेवून बसले होते. आपल्या हातानं खाऊ घातलं, हे एकच त्यांच्या मनात फिरत होतं आणि त्यावर कोणाचीच समजूत चालण्यासारखी नव्हती. अक्षयला कळलं तेव्हा त्यानं पवळीला पुरायला न विचारता लॉनवरची जेसीबी पाठवली. जेसीबीच्या दातांना अजून भाताची शितं चिकटलेली होती.

चार दिवसांनी लॉनवर पुन्हा लग्न होतं. सदाशिवराव टबापाशी उभे राहिले, पण कोणाला काही बोलले नाहीत. दुपारी भाताचं भरलेलं पातेलं पाहून अक्षय खालच्या आवाजात म्हणाला, "काकाजी, ठेवा तुमी. दुसऱ्याले सांगतो."

"कायले? हातपाय हायेत नं माहे."

त्यांनी पातेल्याचा एक कान धरला, दुसरा जेसीबीवाल्यानं धरला आणि पांढराशुभ्र भात खड्ड्यात गेला. त्यांनी पातेलं निपटून घेतलं, काठावर शीतही ठेवलं नाही.

ते घरी आले तेव्हा शकुबाई चुलीपाशी होत्या. त्यांनी तव्यावरची पहिली भाकर उतरवली आणि सवयीनं सदाशिवरावांच्या हातात दिली.

"काहून काढून राह्यली तू रोज?" सदाशिवराव म्हणाले.

"हाताले समजत नाही जी. तुमी खाऊन घ्या मंग."

पण गाईचा घास या घरात माणसानं कधी खाल्ला नव्हता. सदाशिवराव भाकर घेऊन गोठ्यात गेले. गव्हाणीत मागच्या तीन दिवसांच्या तीन भाकरी वाळून कडक झाल्या होत्या. या घरात पहिल्यांदाच अन्न उरलं होतं. हातातली चौथी भाकर त्यांनी त्या तिन्हींवर नीट ठेवली. तिच्यातून अजून वाफ निघत होती.