सावरदऱ्याला बस यायची होती

आमच्या सावरदऱ्यात घरातून निघालेल्या माणसाला ‘कुठे चाललात?’ असं विचारत नाहीत. विचारलं की काम मोडतं. कुणी चप्पल घालताना दिसलं, तर फार तर ‘लवकर या’ म्हणायचं. एखाद्या आगाऊ पाहुण्याने विचारलंच, तर ‘इथंच’ म्हणून पुढे व्हायचं, नाहीतर घरात परत जाऊन घोटभर पाणी प्यायचं, दोन मिनिटं बसायचं आणि नव्याने निघायचं. माझे सासरे एकदा ‘इगतपुरीला चाललो, भाताचं बी आणायला’ असं मोठ्या तोंडाने सांगून गेले, आणि चौथ्या दिवशी खुब्याचं हाड मोडून झोळीतून परत आले. तेव्हापासून आमच्या घरात तर ही काळ्या दगडावरची रेघ.

हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे झालं त्यात कुणी खोटं बोललं नव्हतं. एवढं तुम्ही मान्य करायला पाहिजे.

मी सुवर्णा. दीड एकरात झेंडू आणि शेवंती करते. गाव नाशिकपासून बावीस किलोमीटर, त्यातले शेवटचे चार फाट्यावरून आत. पहाटे पाचला सोमाची काळीपिवळी जीप येते. तीत आधी फुलांच्या पाट्या बसतात, मग उरलेल्या फटींत आम्ही बायका. पंचवटीच्या फुलबाजारात माल दिला की दुपारी त्याच जीपने घरी. जीप भरली नाही तर सोमा निघतच नाही, आणि भरली तर माणसाला हात-पाय कुठे ठेवावेत ते कळत नाही.

माझ्या सायलीची बारावी नुकतीच झाली होती. नाशिकचं कॉलेज सकाळी साडेसातचं. सोमाच्या भरवशावर तीन वर्षं कॉलेज होत नसतं. माझा भाऊ कुंदन मनमाडला रेल्वेत आहे, त्याने तिथल्या कॉलेजसाठी क्वार्टरमध्ये एक कोपरा देऊ केला होता. सायलीच्या पप्पांनी सांगून टाकलं होतं, ‘सकाळची बस झाली तर घरून जाईल. नाय झाली तर मनमाड.’ पोर शिकावी असं मला वाटत होतं, पण संध्याकाळी ती माझ्याच घरात असावी असंही वाटत होतं. एकुलती एक आहे. त्यात लपवण्यासारखं काय?

मार्चमध्ये योगेश नावाचा एक इंजिनियर आला आणि त्याने शाळेच्या भिंतीवर नकाशा लावला. शहराची बस कुठवर वाढवायची याचा तो नकाशा होता. नाशिकच्या द्वारका चौकापासून सगळीकडे जाड लाल रेघा निघालेल्या. फाट्यापासून आमच्या गावापर्यंत मात्र नुसते ठिपके.

“हे ठिपके म्हणजे प्रस्तावित,” तो म्हणाला. “सकाळी इथून किती लोक कुठे जातात ते आम्ही तीन दिवस विचारू. लोक असले तर ठिपक्यांची रेघ होईल. आणि बसची रेघ पोहोचली की गाव वाढतं, ताई. आधी टपरी येते, मग दवाखाना, मग राहायला माणसं.”

त्या दिवसापासून अख्खं गाव अर्धं झोपेत चालू लागलं. आमच्या भावकीतले झुंबर भाऊजी पाराजवळच्या मोकळ्या जागेत उभे राहून, नसलेल्या टपरीतल्या नसलेल्या स्टोव्हला पंप मारायचे. माझ्यासोबत बाजाराला येणाऱ्या आशाला शाळेचे गुरुजी गावातच राहायला आलेले दिसायला लागले, त्यांच्या बायकोशी तिची मैत्रीसुद्धा झाली होती. मीही काही कमी नव्हते. झेंडू तोडता तोडता वर बघायचे, तर खालच्या वळणावर बस यायची, निळी, रिकामी, अजिबात आवाज न करता. सायली उतरायची, फुलांच्या ओळींमधून चालत यायची, ‘आई, भूक लागली’ म्हणायची. मग बस मागच्या मागे धुक्यात विरून जायची. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई लंकाबाई, म्हणायच्या, “बाजारात तुरी अन् गावात मारामारी.” पण त्यासुद्धा वळणाकडे बघतच म्हणायच्या.

एप्रिलमध्ये सर्वेवाली मॅडम आली. तेजस्विनी नाव, नाशिकची, सायलीहून चार वर्षांनी मोठी असेल. हातात टॅब. तीन दिवस तिचा मुक्काम आमच्याच घरी होता. पहिल्या पहाटे ती पाराजवळ उभी राहिली आणि पाटी डोक्यावर घेतलेल्या नवसाबाईंना तिने गोड आवाजात विचारलं, “आजी, कुठे चाललात?”

नवसाबाईंनी पाटी उतरवली, कपाळाला हात लावला आणि सरळ घराकडे वळल्या. पाणी पिऊन, बसून परत आल्या, तर ही पुन्हा तेच विचारायला उभी. आशा म्हणाली, “इथंच.” सोमा म्हणाला, “असंच, जरा पुढं.” मी तर हसून म्हटलं, “येते जाऊन.” दुसऱ्या पहाटेही हेच झालं. पोरीचं काम आहे विचारायचं, विचारते बिचारी, असं म्हणून आम्ही तिला दोन फुलं हातात देऊन जीपमध्ये बसलो. आपण काय करतोय हे एकीच्याही डोक्यात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सायलीने तेजस्विनीच्या टॅबमध्ये डोकावलं आणि ती किंचाळलीच. पडद्यावर आमचं गाव होतं आणि त्याच्याभोवती फक्त एक बारीक गोल.

“काकू, उत्तर आहे तसंच लिहायचं असतं,” तेजस्विनी ओशाळून म्हणाली. “सावरदऱ्याहून सावरदऱ्याला. तुमचं गाव मला आवडलं. इथून कुणालाच कुठे जायचं नाही.”

“आई, तुम्ही सगळ्यांनी मिळून माझी बस घालवली,” सायली म्हणाली आणि आत निघून गेली. ती चिडली असती तर मी दोन शब्द सुनावले असते. पण तिचा आवाज भरून आला होता.

आत्याबाई चुलीपाशी बसल्या होत्या. मी विचारलं, “उद्या सांगितलं खरं खरं, तर काय व्हईल?”

त्यांनी चुलीतलं लाकूड आत सारलं. मग म्हणाल्या, “व्हायचं ते व्हईल. ह्यांचा पाय त्या दिवशी इगतपुरीत शेवाळावरून घसरला व्हता, हे मला ठावं हाय.”

तिसऱ्या पहाटे मी सगळ्यांच्या पुढे उभी राहिले. खालची दरी धुक्याने भरली होती, पारापलीकडे जग संपल्यासारखं वाटत होतं. तेजस्विनीने विचारलं. मागे सगळ्या बायका श्वास रोखून उभ्या.

“नाशिकला,” मी म्हटलं. “रोज जाते. अन् जूनपासून माझी पोर साडेसातच्या कॉलेजला जाईल. लिही.”

काही झालं नाही. आभाळ जागच्या जागी होतं. मला इतकं हलकं वाटलं की मी वळून सगळ्यांना म्हटलं, “सांगा गं! जिथं जायचंय ते सगळं सांगून टाका!”

नवसाबाई पुढे आल्या. “इगतपुरीला. माझं माहेर हाय. तिथं आता कोणी नाय राहिलं, पण धुकं तर हाय ना.” आशाला मनमाडला जायचं होतं, चारी दिशांच्या गाड्या एका ठिकाणी कशा येतात ते बघायला. झुंबर भाऊजींनी शिर्डी सांगितली. मग आत्याबाई, कुठेच निघालेल्या नसताना, अनवाणी आल्या आणि म्हणाल्या, “डहाणूला समुद्र हाय म्हणत्यात. तिकडं लिही.” लहानपणापासून गिळलेली गावंच्या गावं बायकांच्या तोंडून बाहेर पडत होती, आणि तेजस्विनी जशीच्या तशी लिहून घेत होती. सोमाने त्या दिवशी हॉर्न वाजवला नाही. तशी सकाळ मी पुन्हा पाहिली नाही.

जूनच्या शेवटी योगेशचा फोन आला. ठिपक्यांची रेघ झाली होती! मी झेंडूच्या वाफ्यातच मटकन बसले.

“वेळ किती वाजताची, भाऊ?”

“अकराची, ताई. सकाळी अकरा. दिवसातून एकच फेरी सध्या. दोन दिवस पहाटेचं कुणी गावाबाहेर जातच नव्हतं, आणि तिसऱ्या दिवशी सगळे लांबचे प्रवासी निघाले. इगतपुरी, मनमाड, डहाणू. म्हणून द्वारकेला पुढच्या गाड्या मिळतील अशी वेळ बसवली. नाशिक सांगणाऱ्या तुम्ही एकट्याच होतात.”

माझ्याच तोंडाने मी वळून सगळ्यांना ‘सांगा’ म्हटलं होतं. आधी स्वतःचा राग आला, मग नवसाबाईंचा, मग इगतपुरीच्या धुक्याचासुद्धा. सायलीला सांगितलं तेव्हा तिने माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं, आणि तेवढ्यानेच मला जास्त रडू आलं.

बस आली ती खरोखर निळीच होती. तिच्या पुढ्यात नारळ फुटला, आरशाला माझ्याच झेंडूचा हार घातला. झुंबर भाऊजींनी टपरीचे चार बांबू आदल्या दिवशीच रोवले होते. नवसाबाई नवं लुगडं नेसून पहिल्या बाकावर बसल्या होत्या, आणि त्यांच्याशी भांडायचं मी ठरवलं होतं, ते जमलं नाही.

सायलीची बॅग तिच्या पप्पांनी आत ठेवली. दुपारी द्वारका, संध्याकाळी मनमाड. मी खाली उभी होते, हार करून उरलेली चार फुलं मुठीत धरून. गाडी सुरू झाली तशी तिने खिडकीची काच सरकवली आणि अर्धी बाहेर वाकली.

“आई, रडू नको ना. रविवारी ये मला भेटायला. आता आपल्या गावाला बस आहे.”