ज्याचं कुलूप, त्याचं घर

मी कुलूप. तोंड बंद ठेवणं हा माझा धंदा. पण माझ्या बंद तोंडाच्या जिवावर एक भामटा घरमालक झाला, म्हणून आज बोलतोय. एकदाच सांगेन.

अलीगढच्या कारखान्यात घडलो. अस्सल पितळ, हलकं काम नाही. नांदेडच्या एका सरकीवाल्यानं मला घेतलं आणि गोदामाला लावलं. उन्हात तापलो, पावसात भिजलो, पण सरकीचा एक दाणा बाहेर जाऊ दिला नाही. सरकीवाला बुडाला. त्यानं गोदाम विकलं, माल विकला आणि मला भंगारात टाकलं. राखायला काही उरलं नाही की राखणदार लोखंडाच्या भावात जातो. पितळेच्याही नाही.

भंगारातून मला निवृत्तीनं उचललं आणि लातूरला आणलं. नाव निवृत्ती. निवृत्त झाला होता तो फक्त कामधंद्यातून.

लातूर नवा जिल्हा झाला, ते साल. जिल्ह्याबरोबर साहेब आले, कारकून आले, शिपाई आले, पाट्या आल्या. पाऊस तेवढा आला नाही. त्याची बदली दुसरीकडं झाली असावी. आड आटले. म्हातारी माणसं घराला कडी घालून पाण्यापायी लेकरांकडं निघून गेली. इकडं नोकरदार खोली खोली करत गल्ल्या झिजवत होते, तिकडं घरं रिकामी पडली होती. मधोमध निवृत्ती उभा.

त्याची अक्कल साधी होती. नुसत्या कडीवर सोडलेलं घर हेरायचं आणि कडीला मला अडकवायचं. मग गिऱ्हाईक आणायचं, सदऱ्याच्या खिशातून किल्ली काढायची आणि मला ऐटीत उघडायचं. बस्स. किल्ली ज्याच्या हातात तो मालक, असं शिकलेली माणसंही बिनघोर धरून चालतात. आगाऊ भाडं खिशात टाकायचं, किल्ली उद्या सामान आणल्यावर देतो म्हणायचं आणि गिऱ्हाईक गेलं की मला काढून घेऊन दुसऱ्या गल्लीत जायचं. दुसऱ्या दिवशी भाडेकरू सामानाचा गाडा घेऊन यायचा, घर भलत्याचंच आहे हे शेजाऱ्यांकडून ऐकायचा आणि दारापुढं उभा राहून स्वतःच्याच कपाळावर हात मारायचा.

अशात पंचशीला आली. मुखेडकडची पोरगी, नव्या कचेरीत टायपिस्ट म्हणून लागलेली. बरोबर बाप, लिंबाजी सोनकांबळे. सोमवारी हजर व्हायचं होतं. लिंबाजीनं बजावलं होतं, "खोली भेटली तर ऱ्हा. न्हाई तर माघारी चल. पोरगी मी उघड्यावर टाकून जाणार न्हाई." माघारी गेली की नोकरी गेली.

खोल्या त्यांनी पुष्कळ बघितल्या. मालक चहा पाजायचे, हवा कुठून येते ते दाखवायचे, मग आडनाव विचारायचे. सोनकांबळे म्हटलं की मालकांना एकदम आठवायचं, खोली तर कालच दिली! लातुरातल्या सगळ्या खोल्या कालच गेल्या होत्या.

निवृत्तीनं मात्र काही विचारलं नाही. मला उघडलं, दार ढकललं.

"बघा ताई, पूर्वेचा उजेड. मामा, बसा की. आपलंच घर समजा."

आपलंच म्हणायला त्याचं काय जात होतं!

पंचशीलाचा चेहरा उजळला. बापाला बाजूला घेऊन ती म्हणाली, "बाबा, यांनी आडनाव विचारलं न्हाई. चांगला मानूस हाय. देऊन टाकू पैसे."

"त्याचंच मला कोडं पडून राहिलंय," लिंबाजी म्हणाला.

"म्हंजे? विचारलं तरी तुमाला राग, न्हाई विचारलं तरी राग!"

"ज्याला पोरगी द्यायचीय, त्यो घराणं इचारतो. ज्याला द्यायचीच न्हाई, त्यो कशाला इचारील?"

मी कडीला लोंबकळत ऐकत होतो. इतक्या घरांवर लागलो, पण माझ्या धन्याला असं उघडलेलं पहिल्यांदाच पाहिलं.

लिंबाजी निवृत्तीकडं वळला. "पानी कोन्त्या वारी येतं?"

"रोज येतं की मामा. धो धो."

शेजारच्या ओट्यावर तुळजाबाई ज्वारी निवडत होती. तिच्या हातातलं सूप थांबलं.

"रोज? आरं, या गल्लीत गुरुवार सोडून नळाला थेंब येत न्हाई. अन् तू कोन? ह्ये घर साखराबाईचं. ती लेकाकडं उदगीरला गेलीय. दाराला नुसती कडी व्हती, कुलूप कवा उगवलं?"

निवृत्ती म्हणाला, "किल्ली घरी ऱ्हायली, आनतो." किल्ली त्याच्या हातातच होती. तो बोळातून जो गेला, तो गेला. पंचशीला खाली बसली. पिशवीतले पैसे तिनं दोन्ही हातांनी छातीशी धरले होते.

तुळजाबाईनं तिला तांब्याभर पाणी दिलं. दुष्काळात पाणी देणारी बाई मोठ्या मनाची. मग हळूच विचारलं, "आडनाव काय म्हनलीस लेकी?"

"म्हनले न्हाई. सोनकांबळे."

तुळजाबाई थोडा वेळ ज्वारीतले खडे शोधत राहिली. "साखराबाईला निरोप धाडते," एवढंच म्हणाली.

रविवारी साखराबाई एस.टी.नं आली. तिनं गाव विचारलं, आडनाव विचारलं, घरात काय शिजतं ते विचारलं, पगार विचारला, लग्न का झालं नाही तेही विचारलं. पंचशीलानं सगळ्याची उत्तरं मान वर ठेवून दिली. शेवटी म्हातारी म्हणाली, "बरं. दे आगाऊ भाडं."

पंचशीलानं पिशवी उघडली नाही. "आधी घरपट्टीची पावती दाखवा. नाव बघते. अन् पैशाची पावती लागंल."

"आगं माय! माझ्याच घरात मला पुरावा मागती!"

लिंबाजी उठून उभा राहिला. "माय, तुमी मानसाचा पुरावा मागितला, आमी दिला. आता आमी घराचा मागून राहिलो."

 साखराबाई कनवटीची किल्ली काढून ट्रंक उघडायला आत गेली.

सोमवारी पंचशीला त्याच घरातून कचेरीत गेली.

माझी किल्ली निवृत्तीबरोबर गेली. पंचशीलानं दाराला नवं कुलूप आणलं. मी आता तिच्या पिठाच्या डब्यावर वजन म्हणून बसतो. मांजर झाकण ढकलू शकत नाही. काम हलकं आहे, पण इमानाचं आहे.

तुम्ही घर बघायला निघालात तर भिंतीचा रंग बघा, हवा बघा, खुशाल बघा. पण आमच्यावर भिस्त ठेवू नका. कुलपाला घर कुणाचं ते कळत नाही, फक्त किल्ली कळते. शेजारच्या दारावर थाप मारा. लाज वाटते? मग द्या पैसे, आणि उद्या गाडाभर सामान घेऊन रस्त्यात उभे राहा. तिथं आडनाव कुणी विचारत नाही.