बंबात गेलेली गिटार

माझा धाकटा भाऊ राजवर्धन, आमचा राजा, रॉक वाजवतो. सिनेमातलं नव्हे, केस तोंडावर घेऊन, डोळे मिटून, समोरच्यांकडे बघायचंसुद्धा नाही असलं. पुण्यात त्याचा ‘लाल भट्टी’ नावाचा बँड आहे. गाणी तोच लिहितो, गिटार तोच वाजवतो. बरीच वर्षं कॅफेत दहा-पंधरा टाळक्यांपुढे वाजवून झाल्यावर गेल्या वर्षी त्याचं ‘बंब’ नावाचं गाणं असं काही चाललं, की आमच्या गल्लीतल्या रिक्षांतही ते ऐकू यायला लागलं. गाण्यातला बाप पोराची गिटार आपटून मोडतो, तुकडे अंघोळीच्या बंबात घालतो आणि त्याच पाण्यानं पोराला अंघोळ घालतो. ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा येतो.

माझ्याही आला, पण लाजेनं. आमच्या आप्पांनी गिटार मोडलीच नव्हती.

ती मोडली राजानं. कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये पोरांनी हुर्यो उडवली म्हणून घरी येऊन गच्चीवर आपटली, मोबाईलवर बघितलेल्या कुठल्यातरी गोऱ्या वादकाची नक्कल करत. आप्पा शिरोलीच्या एका फाउंड्रीत पॅटर्न बनवायचे, म्हणजे साचा पाडायला लागणारे लाकडी नमुने. ज्ञानू मिस्त्री म्हणून सगळे ओळखतात. त्यांनी मुकाट्यानं तुकडे पोत्यात गोळा केले, सागवानाची नवी दांडी घडवली, फुटका पत्रा सांधावा तशी पोटाची फळी सांधली आणि गिटार पुन्हा उभी केली. ‘बंब’ची चाल राजानं याच गिटारीवर बसवली. पुढं त्यानं भारीतली घेतली, तेव्हा ही घरी आली. आप्पांनी ती बाहेरच्या खोलीत खिळ्याला टांगली आणि रोज देवांच्या आधी तिची धूळ पुसायला लागले.

गाण्यात काय वाटेल ते लिहावं, माझी हरकत नाही. पण एका मुलाखतीत हा गडी आवाज कापरा करून म्हणाला, “हे सगळं माझ्या घरात घडलंय.” मी फोन करून चांगल्या शिव्या घातल्या. “ताई, तोंडातनं निघून गेलं गं,” म्हणाला. “आता लोक तेच विचारतात. माघार कशी घेऊ?”

आप्पांना यातलं काही माहीत नव्हतं. फाउंड्रीच्या खडखडाटात त्यांचे कान अधू झालेत. “शबूद काय कळत न्हाईत बघ स्वप्नाली, पर हात काय फिरतोय पोराचा!” एवढंच ते कौतुकानं म्हणायचे.

मग आमच्या पेठेतल्या तालमीनं राजाचा सत्कार ठरवला. “आप्पांना आधी खरं सांग, नाहीतर मी सांगीन,” मी राजाला बजावलं. “कार्यक्रमाआधी सांगतो,” असं कबूल करून तो पुण्याहून आला तो उशिरा, थेट स्टेजवर. इकडे आप्पांनी जुन्या चादरीची पिशवी शिवून गिटार तिच्यात घातली होती.

“कशाला ते ओझं?” मी म्हटलं.

“दावतो की लोकांस्नी. कशी जोडली ती बघूदेत.”

तेव्हाच तोंड उघडायला हवं होतं. त्यांचा इस्त्री केलेला सदरा बघून माझी जीभच उचलली नाही.

स्टेजवर फेटा, शाल, नारळ सगळं झालं. आप्पांनाही राजाशेजारी बसवलं होतं, पिशवी गुडघ्यांत धरून. तालमीचे अध्यक्ष विजयसिंह यांनी माईक घेतला आणि एक नवीकोरी गिटार पुढं आणली. “आता बापाच्या हातनं पोराला गिटार द्यायची! फिटाफिट!” लोक खिदळले. मग ते आप्पांच्या कानाशी वाकून माईकमध्येच ओरडले, “आप्पा, तुमीच पोराची गिटार मोडून बंबात घातली नव्हं? तवा काय वाटलं, सांगा की!”

हे आप्पांना नीट ऐकू गेलं. त्यांनी राजाकडे पाहिलं. राजा स्वतःच्या बुटांकडे बघत होता. मी पहिल्या रांगेत बसून मनात म्हणत होते, बोल, आता तरी बोल. तो बोलला नाही. आणि मीही उठले नाही.

आप्पांनी पायानं पिशवी हळूच खुर्चीखाली सरकवली.

“व्हय,” ते म्हणाले. “घातली. राग लई वाईट बगा.”

टाळ्या पडल्या. कुणीतरी शिट्टीही मारली. विजयसिंह खुशीत येऊन म्हणाले, “उद्या सकाळी चॅनेलवाल्यास्नी घिऊन येतो आप्पा, त्यो बंब बघायला!” मग राजानं नवी गिटार गळ्यात घालून ‘बंब’ म्हटलं. आप्पा खाली मान घालून ऐकत होते. ते गाणं बसून ऐकताना मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घरी जाताना आप्पांनी मुद्दाम मागचा बोळ धरला. पिशवी अंगाशी घट्ट धरली होती, कुणाला दिसू नये म्हणून. राजा मागून चालत होता.

“आप्पा,” तो एकदाचा म्हणाला, “चुकलं माझं. मी उद्या चॅनेलवर खरं सांगतो.”

“गप बस. हसतील लोकं तुला. एवढं नाव झालंय.” थोडं चालून ते म्हणाले, “पॅटर्न बी जरा मोठाच करावा लागतोय. लोखंड निवलं की आकसतंय. गाण्यात बी तसंच आसंल, म्हटलं मी.”

राजा रडायला लागला. मला त्याची कीव आली नाही. आप्पा रागावले असते तर बरं झालं असतं.

सकाळी उठले तर खिळा रिकामा होता. मागच्या परड्यात धूर दिसला म्हणून धावले. आप्पा बंबासमोर पाटावर बसून होते. पिशवी शेजारी घडी घालून ठेवलेली. सागवानाची दांडी बंबाच्या तोंडातून वीतभर बाहेर होती आणि तिच्या टोकाशी तारा तडतडत होत्या.

“आप्पा!” मी किंचाळले.

“लोकं येणार हाईत,” ते म्हणाले. “भितीवर दिसली आस्ती तर पोरगं खोटं पडलं आस्तं.”

माझ्या ओरडण्यानं राजा अनवाणी धावत आला. बघितलं आणि सरळ बंबात हात घालायला झेपावला. आप्पांनी त्याचं मनगट धरलं.

“भाजंल,” ते म्हणाले. “वाजवायचा हात हाय.”

आणि दांडी आत ढकलली.

दांडी पुरती जळून गेली. मग आप्पांनी तोटीखाली बादली लावली, पाण्यात बोट घालून बघितलं. “तापलंय. आंघोळ करून घे राजा. माणसं येतील आता.”

राजा बादली उचलून न्हाणीत गेला आणि दार लावून घेतलं. विजयसिंहांची गाडी दारात येऊन थांबली, तरी आतून पाणी ओतल्याचा आवाज आला नव्हता.