मावशींची फुंकर

पाळणाघराच्या दारावर मावशींनी स्वतःच पाटी लावली होती: शिंकणारं, खोकणारं मूल आत घेतलं जाणार नाही. नियम म्हणजे नियम. नाक वाहणारं पोर दिसलं की त्याच्या बापाला दारातूनच परत पाठवायच्या. "ऑफिसात असेल तुमचा साहेब, इथं साहेब मी," म्हणायच्या.

पण पाटी होती मुलांसाठी. मावशींच्या स्वतःच्या खोकल्याला ती लागू नव्हती. किती दिवस येत होता तो. पण 'गाद्या झटकल्या की येतो' असं म्हणून त्यांनी त्याला पदरात घेतलं होतं. दुखण्याला एकदा घरचं म्हटलं, की त्याला कुणी हटकत नाही.

आणि त्यांची फुंकर! पाळणाघरातलं निम्मं औषध तेच. घास गरम लागला, फुंकर. गुडघा खरचटला, फुंकर. रडून रडून श्वास कोंडलेल्या पोराच्या तोंडावर हलकेच फुंकर, की पोर दचकायचं, पापण्या मिटायचं, उघडायचं आणि गालात हसायचं. मुलांच्या आया म्हणत, "आम्ही फुंकून फुंकून थकतो हो. तुमच्याच तोंडात काय वारा आहे कोण जाणे!"

काय वारा होता ते आज सकाळी कळलं.

मुंगी सगळ्यांत धाकटी. अजून मान धरायची होती तिला. आई बसमध्ये कंडक्टर. बाळंतपणाची तुटपुंजी रजा संपली आणि तिने लेक मावशींच्या ओटीत घातली. आधी मुंगीला बारीक खोकला आला, मग खोकलासुद्धा येईना. श्वासच मधे थांबायचा. परवा मावशींच्या मांडीवर ती निळी पडली. मावशींनी काय केलं? जे जन्मभर केलं तेच. तिच्या तोंडावर फुंकर घातली. एकदा, दोनदा, पुन्हा पुन्हा.

आता मुंगी इस्पितळात काचेच्या पेटीत होती. डांग्या खोकला. दोन दिवस मावशी आणि त्यांची सून खेळणी उकळत होत्या, चादरी कढत पाण्यात घालत होत्या, फरशी पुसून पुसून हातांची सालं निघाली होती. "हे आणलं कुणी?" मावशी एकेका पोराचं तोंड आठवत राहिल्या. चौकशीला आलेल्या डॉक्टरीणबाईंनी जाता जाता दोघींच्याही नाकातून कापसाची काडी फिरवून नेली, तेव्हा मावशी हसल्या होत्या. "आमचं कसलं बघता? आम्ही काय तान्ह्या आहोत?"

डॉक्टरीणबाईंचा फोन सुनेने घेतला. ऐकता ऐकता ती भिंतीला टेकली.

"आई... तुमच्यात निघालाय."

 मावशींच्या हातात मुंगीचं टोपडं होतं, त्याची नाडी त्या बोटाला गुंडाळत राहिल्या.

सून भानावर आली. "हे बघा, आता सगळे येतील. नळाला पाणी नाही म्हणून सांगते. आठवडाभर बंद. तुम्ही औषध घ्या, कुणाला कळायचं नाही. कळलं तर एक पोर परत येणार नाही इथं. खायचं काय आपण?"

"पाणी नाही म्हटलंस तर ते पोरांना कुठं ठेवतील?"

"ठेवतील पलीकडच्या गल्लीतल्या पाळणाघरात. नाहीतर आजीकडे."

"तिथं पण एखादी मुंगी असेलच ना गं."

सुनेने फोन खाली ठेवला.

मावशींनी नाकातोंडाला फडकं बांधलं, दार बाहेरून ओढून घेतलं आणि अंगणाच्या फाटकाला आतून कडी घातली. पोरं आली. मावशींना बघून हात पुढे करायची. मावशींनी आपले हात पाठीमागे बांधून घेतले.

"तिथंच थांबा. जवळ येऊ नका. मला डांग्या खोकला आहे. माझ्यापासून मुंगीला लागला. तुमच्या पोरांनाही लागला असेल. आजच्या आज डॉक्टरीणबाईंकडे जा, औषध सगळ्या घराने घ्यायचं, आणि पोराला दुसरीकडे कुठं ठेवू नका."

एकेकाला तेच. घसा सुकला तरी तेच.

जुळ्यांचा बाप शिंपी. पाटीकडे बघून म्हणाला, "आमच्या पोरांना नाकाला थेंब दिसला की हाकलायचात. आणि स्वतः?"

"स्वतःकडे बघितलं नाही."

"मायेनं मारलंत की हो, मावशी!"

त्याच्या बायकोने त्याची बाही ओढली.  जुळ्यांपैकी एकजण गुडघा दाखवून ओरडत होता, "मावशी, बाऊ झाला! फुंकर!" त्याला बापाच्या खांद्यावरून पार कोपऱ्यापर्यंत मावशी दिसत होत्या, आणि तो कोपऱ्यापर्यंत गुडघा दाखवत होता.

अंगण रिकामं झालं. मग फोन वाजला. मुंगीची आई.

"मावशी—"

"थांब, आधी माझं ऐक." आणि मावशींनी तिलाही सांगितलं. तेच, तेवढंच. सांगून झाल्यावर म्हणाल्या, "बोल गं. शिव्या दे. काहीतरी बोल."

पलीकडे मुंगीचं रडणं येत होतं. मग कंडक्टरीण म्हणाली, "बोलेन. नंतर बोलेन. आत्ता ती रडतेय, आणि रडली की अडकतेय. मी म्हटलेलं तिला चालत नाही. तुम्ही झोपवताना काय म्हणता ते म्हणा. फोन पेटीच्या भोकाशी धरते."

मावशी पायरीवर बसल्या, तोंडावरचं फडकं खाली ओढलं. छातीत खोकला खदखदत होता. त्यांनी पदराचा बोळा मुठीत धरला, आणि म्हटलं:

*नीज नीज मुंगीबाई, वारा निजला दारात*
*तुझ्या श्वासाची गं वात, माझ्या दोन्ही तळहातांत*

खोकला वर आला. त्यांनी बोळा दातांत दाबला, डोळ्यांतून पाणी आलं, खोकला गिळला. त्या पोरीच्या कानावर आता तो नको. पुन्हा म्हटलं.

रडणं बारीक झालं. मग थांबलं.

झोपली? की...? विचारायचं तर ओवी तोडावी लागणार. सून दारात येऊन उभी होती. फोनमधून पेटीच्या यंत्राचा टिक, टिक असा आवाज येत होता. मावशींनी फोन कानावर घट्ट दाबला. जोवर तो आवाज येतोय तोवर थांबायचं नाही, एवढंच त्यांना कळत होतं. पदराचा बोळा दातांतून काढायचा, ओळ म्हणायची, पुन्हा दातांत धरायचा.

टिक.

नीज नीज मुंगीबाई.

टिक.