हातात पिशव्या असताना

मी आणि माझी बायको पूर्वा, आम्ही दोघंही बहिरे. कर्णबधिर म्हणा हवं तर. शब्द लांबवल्यानं जास्त ऐकू येत नाही. आमची भाषा हातांची, त्यामुळे आमचं भांडणसुद्धा चारचौघांत उघड्यावर चालतं. लोकांना वाटतं फुकटचा खेळ आहे. थांबून बघतात.

त्या रविवारी हडपसरच्या गाडीतळावर पूर्वा भांडत होती आणि मी गप्प होतो. इलाजच नव्हता. भाजीच्या दोन्ही पिशव्या माझ्या हातात होत्या, आणि हातात पिशव्या म्हणजे आमचं तोंड बंद. पूर्वाला हे पक्कं माहीत आहे. भांडायचं असलं की ती आधी भरपूर भाजी घेते.

विषय माझ्या आईचा होता. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी आई सुनेशी बोलण्यापुरत्या चार खुणा शिकली नाही. "ऐकणाऱ्यांपैकी कुणालाच आमच्यासाठी एवढेसे कष्ट नकोत," पूर्वाचे हात तडातडा सांगत होते. तिचं खरंच होतं. म्हणून तर मला पिशव्या खाली ठेवायची घाई नव्हती.

मध्येच एक कॉलेजची मुलगी आली. मोबाइलवर शिकलेली ए, बी, सी तिनं आम्हाला करून दाखवली, आमच्यासोबत फोटो काढला आणि खूश होऊन गेली. पूर्वाचं डोकं आणखी तापलं.

तेवढ्यात एक आजोबा आले. पांढरा सदरा, टोपी, पायांत जाड वहाणा. ते येऊन थेट आमच्या दोघांच्या मध्ये उभे राहिले. म्हणजे पूर्वाला मी दिसेना आणि मला पूर्वा दिसेना. दोघं बोलत असताना कुणी मध्ये येऊन ताट बडवावं, तसं आम्हाला होतं ते. खरं तर आमची भाषा बोलू बघणाऱ्या नवशिक्यानं जरा बाजूला थांबावं, आमचं बोलणं टक लावून बघू नये, नजरानजर झाली की हात हलवावा. फारच घाई असेल तर खांद्यावर हलकेच बोट लावावं. एवढं केलं की आम्ही कुणाशीही बोलतो, तास तास बोलतो. पण हे त्यांना कोण सांगणार? मी वाट काढून पूर्वाच्या शेजारी जातोय तोवर आजोबांनी तिचा हात धरला. बोलता हात, वाक्य अर्धं असताना.

पूर्वानं हिसका देऊन हात सोडवला आणि डोळे मिटून घेतले.

तुम्हाला कुणाला गप्प करायचं तर ओरडावं लागतं. आम्ही नुसते डोळे मिटतो. याहून मोठा अपमान आमच्यात नाही. भांडणात कधी ती माझ्यावर हे करते, तेव्हा एखादी ठेवून दिली असती तर बरं झालं असतं असं वाटतं.

आजोबांना यातलं काही कळलं नाही. पूर्वाच्या डोळ्यांत कचरा गेला असं वाटलं असेल. थोडा वेळ थांबले आणि मग, पाठ करून आणलेलं विसरायच्या आत, त्या मिटल्या डोळ्यांपुढे बोलू लागले. बोटांनी एकेक अक्षर करत नाव सांगितलं, सर्जेराव. मग समोरच्या वाघोलीच्या बसकडे बोट केलं. "नात. माझी. ऐकू नाही. मोठं माणूस, तुमच्यासारखं, तिनं पाहिलं नाही. भेटा. थोडंसं."

खुणा मोडक्या होत्या, एक तर चक्क उलटी होती, पण सगळं कळत होतं. मी जोरजोरात मान हलवत होतो. ते माझ्याकडे बघतच नव्हते. नवशिक्याचं सगळं लक्ष एकाच चेहऱ्यावर असतं. शेवटी त्यांनी पूर्वाला नमस्कार केला आणि मान खाली घालून बसकडे निघाले. तेव्हा कुठे मला सुचलं आणि मी पिशव्या टाकून दिल्या. टोमॅटो रस्त्यावर गेले. पूर्वाला गदागदा हलवून मी सगळं सांगितलं.

लहानपणी पूर्वाला वाटायचं की मोठं झालं की ऐकू येतं. घरात, गावात जेवढी म्हणून मोठी माणसं होती ती सगळी ऐकणारी. शाळेच्या वसतिगृहात पहिल्यांदा तिला एक बहिऱ्या बाई दिसल्या, तोवर ती बिचारी वाट बघत होती. हे तिनं मला लग्न ठरलं तेव्हा सांगितलं होतं.

ती पळत सुटली. बसच्या खिडकीत दोन वेण्यांची एक चिमुरडी बसली होती. आजोबा पलीकडे वाहकाकडून तिकीट घेत होते, त्यांची पाठ आमच्याकडे होती. पूर्वानं खालून हात हलवला. छातीवर बोट ठेवलं, कानाला लावलं, नाही म्हटलं, मग तिच्याकडे बोट करून सांगितलं: तू, मी, सारख्या.

पोरगी पूर्वाच्या हातांकडे बघतच राहिली. ओळखलं तिनं. खिडकीतून तिनं मघाचं सगळं पाहिलं होतं, आजोबा बोलत असताना या बाईनं काय केलं तेही. आपल्यासारखी माणसं भेटली की असंच करायचं असतं, असं वाटलं असणार तिला. ती छान हसली आणि तिनं डोळे घट्ट मिटून घेतले.

पूर्वा हात हलवत राहिली. पोरीनं डोळे उघडायच्या आत बस सुटली आणि वळणावरून दिसेनाशी झाली.

आता आम्ही दर रविवारी गाडीतळावर जातो आणि वाघोलीच्या बसपाशी उभे राहतो. आजोबा पुन्हा दिसले नाहीत. भाजी अजूनही मीच उचलतो. पूर्वा मात्र भांडत नाही, आणि एक जुडी कोथिंबीरसुद्धा हातात घेत नाही.