एका पंगतीसाठी कापलेले टेबल

मी समुद्रकाठच्या कळंब गावातल्या एका कॉटेजमधले जुने, लांब टेबल आहे. सुताराने आंब्याच्या फळ्या जोडून मला थेट हॉलमध्येच उभे केले. दाराशी असलेल्या अरुंद वळणातून मी बाहेर निघणार नाही, हे काम पूर्ण झाल्यावर सर्वांच्या लक्षात आले.

मित्रांनो, पूर्वी मोठमोठे ग्रुप माझ्याभोवती बसत आणि माझे फोटो काढत. महासाथीत कॉटेज बंद पडले, तेव्हा माझ्यावर सुकी मासळी पसरली गेली. पुढे कॉटेज उघडायची परवानगी मिळाली, पण एका वेळी एकाच घरातल्या माणसांसाठी. मालक आत्माराम मला सॅनिटायझरने इतके पुसू लागले की माझे पॉलिश गेले. वाळू आत येते म्हणून खिडक्या मात्र बंदच असत. हा आजार मुख्यतः हवेतून पसरतो. लाकूड त्यात फारच मागे आहे. पण मला कोणी विचारले नाही.

एकदा फुलपाड्याच्या परेशने "एकच फॅमिली" सांगून बुकिंग केले. आल्या मात्र दोन गाड्या. एकीत परेशचे कुटुंब आणि त्याची दमेकरी आई नर्मदाबाई, दुसरीत गास गावी दिलेली बहीण संपदा, नवऱ्यासह. टाळेबंदीपासून मायलेकी भेटल्या नव्हत्या.

आत्मारामच्या पत्नी जयवंती दारातच उभ्या राहिल्या. "चूल एक का तुमची?"

"काकी, एकाच रक्ताची माणसं आम्ही!"

"रक्त नाय इचारलं. जेवन एकत्र शिजतं का?"

संपदा म्हणाली, "नाही, काकी. आम्ही परत जातो. आईला त्रास नको."

"मग मला कशाला आणलंत?" नर्मदाबाई म्हणाल्या. "लेकीबरोबर एका पंगतीला जेवायचंय मला. आणि मला खाली बसवत नाही."

आत्मारामनी थोडा विचार केला. "राहायचं एकाच घरानं. संपदाताई अंगणात जेवून घरी जातील."

"आणि हे टेबल बाहेर कसं नेणार?" परेशने विचारले.

"करवत आन रे," जयवंती नवऱ्याला म्हणाल्या.

मला मधोमध कापले. दोन्ही तुकडे सुरूच्या झाडांखाली एका रेषेत, मध्ये भरपूर अंतर ठेवून मांडले. एका टोकाला नर्मदाबाई, दुसऱ्या टोकाला संपदा. ओरडून बोलावे लागत होते. "मीठ कमी आहे ना गं?" "तुला नेहमीच कमी लागतं, आई!"

नंतर कोणी आजारी पडले नाही. यावरून उपाय अचूक होता हे सिद्ध होत नाही; एका जेवणावरून नियम काढता येत नाही. नर्मदाबाई दोनदा भात घेऊन जेवल्या, एवढेच मी खात्रीने सांगू शकते.

निर्बंध उठल्यावर मला जोडायचे ठरले, पण उचलायला सोपे पडते म्हणून तसेच ठेवले. त्याची तक्रार नाही. फक्त कापलेल्या कडांना कोणी पॉलिश केले नाही आणि खारी हवा तिथूनच आत शिरते. मित्रांनो, एखादी वस्तू आपल्या सोयीसाठी कापावी लागली, तर करवत बाजूला ठेवण्यापूर्वी त्या कडेला थोडे तेल लावा.